आधी कान, मग अक्षर : पंडिता रमाबाईंच्या जीवनातील एक धडा

दिल्ली शहर आणि त्याच्या भोवतीची गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद ही नगरे यांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत गेले की एक प्रश्न हमखास कानी येतो. घरात तीन-चार वर्षांचे मूल असते. आईवडील त्याच्याशी मराठी बोलतात, अंगणातील सवंगडी हिंदी बोलतात आणि बालवाडीतील बाई इंग्रजीत गाणी शिकवितात. आईबाप चिंतेने विचारतात, ह्याला वाचायला केव्हापासून शिकवावे? कोणत्या भाषेत शिकवावे? अक्षरे गिरवायला आताच बसवावे की थांबावे?

या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून देता येईल. परंतु वाचकहो, आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात एक अशी व्यक्ती होऊन गेली आहे, जिच्या आयुष्यातच हे उत्तर लिहिलेले आहे. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. २०२२ साली त्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांची विद्वत्ता, त्यांचे मुक्ती मिशन, विधवांसाठी त्यांनी वेचलेले आयुष्य यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. ही विदुषी घडली कशी, तिच्या कानांवर प्रथम काय पडले आणि पुढे तिने इतरांच्या कानांवर काय घातले, या बाजूने मात्र तिच्या चरित्राकडे फारसे पाहिले जात नाही. आज आपण तसे पाहू या.

रानातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे गाढे पंडित होते. तरुणपणी पुण्यास शिकत असताना, आपले गुरू पेशव्यांच्या राजवाड्यातील स्त्रीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले होते आणि स्त्रीलाही ही विद्या येऊ शकते ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली होती. दुसरा विवाह झाला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. अनंतशास्त्र्यांनी त्यांना संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला. समाजाने आक्षेप घेतला, पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. पण ते डगमगले नाहीत. लोकांच्या वस्तीपासून दूर रानात त्यांनी आपला आश्रम उभारला आणि तेथे लक्ष्मीबाई स्वतः विदुषी झाल्या.

आतिथ्य आणि दानधर्म यांत घरची संपत्ती संपली. रमा सहा महिन्यांची असतानाच हे कुटुंब डोंगर उतरून तीर्थयात्रेस निघाले. त्या तान्ह्या बालिकेला वेताच्या पेटीत घालून खाली आणण्यात आले. त्यानंतर कित्येक वर्षे या कुटुंबाला घर म्हणून राहिले नाही. तीर्थक्षेत्री जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसावे, पुराण मोठ्याने वाचावे आणि श्रोते जे फुल, फळ, दाणा, पैसा ठेवतील त्यावर निर्वाह करावा, हा त्यांचा क्रम होता.

वडील वृद्ध झालेले असल्यामुळे रमेला शिकविण्याचे काम आईने पत्करले. दिवसभर प्रवास आणि संसार, म्हणून लक्ष्मीबाईंनी पहाटेची वेळ निवडली. उजाडण्यापूर्वी त्या झोपाळू मुलीला लाडीगोडीने उठवीत, मांडीशी घेत आणि पाठ म्हणून दाखवीत. मुलगी आईमागून म्हणे. पाटी नव्हती, बाक नव्हता, पुष्कळ वेळा हातात पोथीही नसे. आईचा आवाज हेच त्या मुलीचे पुस्तक होते. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे नियमित शिक्षण रमेच्या आठव्या वर्षाच्या सुमारास सुरू झाले. पण तिचे कान त्या दिवसापर्यंत रिकामे होते काय? मुळीच नाही. पाळण्याच्या वयापासून ती दररोज आईवडिलांचे वाचन ऐकत होती. शब्दांचा नाद, वाक्याची चढउतार, कथेचा ओघ, पान संपले की पोथीचे पान उलटते ही गोष्ट, एवढी सारी शिदोरी धडा सुरू होण्याआधीच तिच्याजवळ जमा झाली होती. आठव्या वर्षी आईने बी पेरले खरे. पण जमीन त्याआधी सात वर्षे भिजत होती.

आज बालशिक्षणाचे अभ्यासक हेच सांगतात. मोठ्याने वाचून दाखविलेल्या गोष्टींतून लहान मुलाला असे शब्द मिळतात, जे रोजच्या जेवण-आंघोळीच्या बोलण्यात येत नाहीत. पुस्तकाची भाषा बोलण्याच्या भाषेहून थोडी निराळी असते, हे त्याला कळते. मराठी ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्राखालच्या काळ्या खुणांना अर्थ असतो, एका शब्दाचे तुकडे पाडता येतात आणि दुसऱ्या शब्दाशी त्याचे यमक जुळते, हे सर्व ते मांडीवर बसूनच शिकते. मग पुढे अक्षर समोर आले की ते परके वाटत नाही. ज्या मुलाने हे काही ऐकलेले नसते त्याला अक्षर म्हणजे नुसती आकृती वाटते.

ऐकले, पण उमजले नाही

रमाबाईंच्या बाळपणातील त्या पुराणवाचनाला दुसरी बाजूही होती आणि ती त्यांनी पुढे स्वतःच्या लेखनात प्रांजळपणे मांडली आहे. घाटावर जमणाऱ्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना संस्कृत येत नसे. ते भक्तीने बसत, ऐकत, नमस्कार करून दक्षिणा ठेवीत आणि निघून जात. काय ऐकले हे त्यांना कळत नसे. पवित्र शब्द कानांवर पडला एवढ्यानेच पुण्य लाभते, अशी समजूत होती. रमेला मात्र आईने व्याकरण आणि कोश शिकविला, म्हणून तिला अर्थाचे दार उघडले. एकच वाचन, एकच घाट. परंतु एका श्रोत्याला ज्ञान मिळाले आणि बाकीच्यांना केवळ आवाज.

१८७४ पासूनच्या दुष्काळात या कुटुंबावर घोर आपत्ती आली. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक मृत्यू पावली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उपाशीतापाशी हजारो मैल पायी हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात असतानाच एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट मिळाले. गंमत पाहा, ज्या स्त्रीच्या संस्कृत ज्ञानाने पंडितांची सभा थक्क झाली होती, तिला ते पुस्तक समजले नाही! त्यातील भाषेची धाटणी त्यांच्या परिचयाच्या संस्कृतासारखी नव्हती आणि त्यांनी ते बाजूला ठेवले. पुढे १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. सिलचर येथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने घरी येऊन त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगितला. तेव्हा मात्र त्यांचे मन वेधले गेले. देवाचे तेच वचन. एका वेळी कठीण भाषेत हाती आले आणि मिटले गेले, दुसऱ्या वेळी परिचित भाषेत, समजावून सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून आले आणि अंतःकरणात शिरले. हा अनुभव रमाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत.

मनोरमा

१६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना कन्या झाली. तिचे नाव मनोरमा. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीच्या आजाराने बिपिनबाबू निवर्तले. तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि स्त्रीशिक्षिकांची व स्त्री वैद्यांची निकड मांडली. ज्या स्त्रिया शिक्षिका होणार त्यांना स्वतःच्या भाषेचे शुद्ध ज्ञान असले पाहिजे, असा आग्रहही त्यांनी तेथे धरला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथून पुढची काही वर्षे या आईच्या आयुष्यात मोठा पेच होता. मनोरमा वाँटेजच्या भगिनींच्या मायेत वाढत होती. भगिनींचे प्रेम खरे होते. त्यांच्या उपकारांची जाणीव रमाबाईंना होती. तथापि मुलगी इंग्रजी वातावरणात इतकी मुरू नये की परतल्यावर आपल्याच लोकांना ती परकी वाटेल, आपण भारताची लेक आहोत हे सांगण्यास तिला संकोच वाटेल, याविषयी त्यांचे मन फार जागरूक होते. या विषयावर भगिनींशी त्यांचे मतभेदही झाले. आश्रय देणाऱ्यांशी वाद घालणे सोपे नसते. एकट्या, निर्धन, परदेशस्थ विधवेला तर ते अधिकच कठीण. तरीही त्या आपल्या म्हणण्यापासून ढळल्या नाहीत. आज राजधानीच्या परिसरात ज्या आईबापांना आपले मूल मराठीत आजीशी बोलू शकत नाही याचे दुःख वाटते, त्यांना हा पेच चांगला समजेल.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे त्यांना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीची ओळख झाली. लहान मुलाने आधी ऐकावे, गावे, खेळावे, हातांनी वस्तू हाताळाव्यात आणि त्यातून शिकावे, ही ती पद्धत. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ही प्रख्यात पंडिता विद्यार्थिनी होऊन बालशिक्षणाच्या वर्गात जाऊन बसली. मोठ्या विद्वानाने लहान मुलांच्या शाळेत शिकायला जाणे आजही दुर्मिळ आहे. आपल्या देशातील शिक्षिकांना हे शिकविले पाहिजे, मुलांसाठी मराठीत चांगली पुस्तके झाली पाहिजेत, हे त्यांच्या मनाने तेथेच घेतले.

उघडे दार

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. बालविधवांना व मुलींना तेथे आश्रय आणि शिक्षण मिळे. कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, असे धोरण होते आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर सुधारक सल्लागार होते.

रमाबाई सकाळी स्वतःच्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन पवित्र शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावीत नसत. हळूहळू काही मुली आपण होऊन दाराशी येऊ लागल्या, आत बसू लागल्या. आई मुलीला वाचून दाखविते आहे, हे दृश्य त्या मुलींनी बहुधा कधी पाहिलेलेच नव्हते. त्यांतील अनेकींना लहानपणी कोणी जवळ घेऊन काही वाचले नव्हते. लग्न आणि वैधव्य एवढेच त्यांच्या वाट्याला आले होते.

त्यावरून मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीका झाली. १८९३ साली सल्लागार मंडळींनी आपला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. त्या पालकांच्या बाजूनेही आपण विचार केला पाहिजे. त्यांनी विश्वासाने मुली सोपविल्या होत्या आणि त्यांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणालाही बोलावले नाही, पण माझ्या मुलीसाठी वाचताना दार बंद करून बसणे मला शक्य नाही. या एका उघड्या दाराची किंमत त्यांना सहकाऱ्यांच्या आणि लोकांच्या विश्वासाने चुकवावी लागली. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा आज आपण करावयाचा नाही. मात्र आईने मुलाला वाचून दाखविणे ही केवढी प्रभावी गोष्ट आहे, हे त्या वादात दोन्ही पक्षांना ठाऊक होते. आपण मात्र ते विसरलो आहोत.

मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. यांतील बहुतेक मुलींनी पुस्तक कधी हाती धरले नव्हते. काहींची भाषाही निराळी होती. शाळा भरली, लहानांसाठी बालोद्यानाचा वर्ग सुरू झाला, मोठ्या मुली धाकट्यांची काळजी घेऊ लागल्या. रमाबाईंनी मराठी गीते रचली आणि ती गाता गाता मुलींच्या तोंडी शब्द बसू लागले.

अंध मुलींसाठी बार्तीमी सदन काढण्यात आले. मनोरमा अमेरिकेहून ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने ती या मुलींना शिकविली. ज्यांना डोळ्यांनी अक्षर दिसत नव्हते त्या प्रथम कानांनी ऐकत आणि मग बोटांनी वाचीत. पुढे मनोरमेने शारदा सदनाच्या शाळेची धुरा वाहिली. पहाटे आईच्या खोलीत ऐकलेल्या वाचनाचे हे फळ होते. लक्ष्मीबाईंकडून रमाबाईंकडे, त्यांच्याकडून मनोरमेकडे आणि तिच्याकडून त्या अंध मुलींकडे, असा तो आवाज पोहोचला.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी अवघे पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे कार्य अंगावर घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठीत शास्त्राची भाषांतरे त्याआधी झालेली होती. पहिला मराठी नवा करार श्रीरामपूरहून १८११ सालीच प्रसिद्ध झाला होता. परंतु उपलब्ध भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील साध्या बायकांना कळत नाहीत, असे त्यांना दिसत होते. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, तिने आपले संस्कृत बाजूला ठेवले आणि सोप्या बोलीची वाट धरली. भाषांतराच्या कामात आयुष्य घालविलेल्या मला याचे मोल विशेष जाणवते. आमच्या कामात मसुदा कितीही अचूक असला, तरी तो एखाद्या साध्या घरात मोठ्याने वाचून पाहिल्यावाचून पुरा होत नाही. ऐकणारी बाई मध्येच भांडी आवरू लागली की समजावे, वाक्य पुन्हा लिहिले पाहिजे.

मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे तेथील स्त्रियाच करीत. एके काळी ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्याच हातून शास्त्राची पाने निघत होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळिसाव्या वर्षी निवर्तली. हा घाव सोसूनही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्या घरासाठी

२०२० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर केले. त्यात तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली आहेत आणि शक्य तेथे घरची भाषा वापरावी असे म्हटले आहे. २०२१ साली मुलांच्या वाचनाचा व अंकज्ञानाचा पाया पक्का करण्यासाठी निपुण भारत ही मोहीम सुरू झाली. ही धोरणे दिल्लीत ठरली. पण दिल्लीतील आपल्या घराच्या चार भिंतींत ती अंमलात आणणारे हात आईबापांचेच आहेत.

म्हणून त्या चिंतातुर आईबापांना सांगावेसे वाटते, अक्षरे गिरविण्याची घाई करू नका. वाचून दाखविण्यात मात्र उशीर करू नका. रोज निजण्यापूर्वी पंधरा मिनिटे पुरेत. मूल मांडीवर असावे, पुस्तकातील चित्र त्याला दिसावे, ओळीखालून आपले बोट फिरावे. तेच पुस्तक त्याने दहा वेळा मागितले तर दहा वेळा वाचा. ओळखीच्या वाक्यातच मूल पुढचा शब्द आपण होऊन म्हणते. मध्येच थांबून पुढे काय होईल असे विचारा. न कळलेला शब्द आपल्या रोजच्या बोलीत सांगा, म्हणजे घाटावरच्या श्रोत्यांसारखी त्याची गत होणार नाही. मराठीत वाचा. हिंदी आणि इंग्रजी त्याला बाहेर मिळणारच आहे. रमाबाईंनी घरी मराठी ऐकली आणि प्रवासात कानडी, हिंदुस्थानी, बंगाली आत्मसात केली. एका भाषेने दुसरीची वाट अडविली नाही. आणि आजी गावी असेल तर दूरध्वनीवरून तिलाही गोष्ट वाचायला सांगा.

हे काम आईचेच आहे असे पित्यांनी समजू नये. लक्ष्मीबाईंना प्रथम अनंतशास्त्र्यांनी शिकविले, म्हणून त्या रमेला शिकवू शकल्या.

एज्राने लोकांपुढे नियमशास्त्र वाचले तेव्हा लेवी लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगत होते, असे नहेम्याच्या पुस्तकात आपण वाचतो. तीमथ्याला बाळपणापासून पवित्र लेखांची ओळख होती, कारण त्याच्या घरी लोईस आजी होती आणि युनीके आई होती. आपल्याही घरातील मुलाला असे कोणीतरी हवे आहे. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी एक पुस्तक उघडा आणि त्याला जवळ घ्या.